खोरं लावण्याआधी

सूनबाई, शेततळ्याचा अर्ज भरायला निघालीस ते बरं केलंस, पण अर्ध्या तासानं गेलीस तरी चालेल. अर्ज मोबाइलवरूनही भरता येतो, त्यात काही विशेष नाही. अर्ज भरणारे गावात पुष्कळ, खात्यावर अनुदान पडलेले मोजके. मधली गळती कुठं होते ते सांगतो.

आधी सातबारा आणि आठ-अ काढ. घरबसल्या पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो, चावडीवर कुणाची वाट बघायला नको. दोन्ही उतारे आधारकार्डाशेजारी ठेव आणि नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का बघ. तुझ्या सासऱ्यांच्या माघारी वारसनोंद झाली, पण खातं सामाईक राहिलं असेल तर दिरांचं संमतिपत्र लागेल. ते आत्ताच घे, दिवाळीला भांडण झाल्यावर नको. विहीर आपण खोदली तशी ती सातबाऱ्यावर चढली आहे का, तेही बघ. उद्या ठिबक मागशील तेव्हा पाणी कुठलं, हाच पहिला प्रश्न येईल.

2025च्या 15 एप्रिलपासून शेतकरी ओळख क्रमांक असल्याशिवाय कृषी खात्याची योजनाच मिळत नाही. तो सातबारा आणि आधार जोडूनच तयार होतो. म्हणजे नावातली चूक आता पुढं ढकलता येत नाही, पहिल्याच पायरीवर अडवते.

बँकेचं एक. पासबुकाची झेरॉक्स कुठल्याही बँकेची दिलीस तरी पैसे येतात ते आधार ज्या खात्याला शेवटी जोडलंय तिथं. लाडकी बहीण योजनेच्या वेळी तू पोस्टात खातं काढलंस, तेव्हा आधार तिकडं गेलं असेल. आपल्या शाखेत जाऊन विचार. कित्येक जण म्हणतात अनुदान आलंच नाही, आणि ते दुसऱ्याच खात्यात निवांत पडलेलं असतं.

आता दार कुठलं ठोठावायचं? लोकांना वाटतं शेतीचं ऑफिस एकच. तालुका कृषी अधिकारी राज्य सरकारचा. शेततळं, ठिबक, फळबाग, अवजारं सगळं त्याच्याकडं. पंचायत समितीतला कृषी अधिकारी जिल्हा परिषदेचा. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांना आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून आणि आदिवासी शेतकऱ्यांना बिरसा मुंडा योजनेतून विहीर मिळते ती तिथून. नाला, बंधारा, पाझर तलाव ही कामं मृद व जलसंधारणवाल्यांची. गावात मात्र तुला भेटणार तो कृषी सहायक. त्याचं पद आता सहायक कृषी अधिकारी झालंय, आमच्या तोंडात जुनंच बसलंय. कुठल्या योजनेला यंदा निधी आहे आणि कुठली नुसती कागदावर आहे, हे त्याला विचार. अर्ज भरायचं महाडीबीटी पोर्टल ते सांगत नाही.

पूर्वी या पोर्टलवर सोडत निघायची, नशिबाचा खेळ. 2025 पासून ज्याचा अर्ज आधी त्याचा नंबर आधी. म्हणून कागद नीट झाले की लगेच भर. फी 23 रुपये 60 पैसे आहे. त्याच्यावर कुणी हजार-दोन हजार मागितले तर उठून चालू लाग.

आणि पूर्वसंमती हातात पडेपर्यंत खोरं लावायचं नाही. हे पक्कं लक्षात ठेव. शेजारच्या एका भल्या माणसानं निवड झाल्याचा मेसेज बघून दुसऱ्याच दिवशी ठिबक आणलं. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली, सगळा खर्च अंगावर. शेततळ्याचंही तसंच. आधी जागा बघून आखणी होणार, खोदाईनंतर मोजमाप आणि फोटो होणार, मग पैसे. जास्तीत जास्त 75 हजार, तेही आकारमानाप्रमाणं. जेसीबीवाला मात्र काम झालं की रोख मागतो. ती सोय आधी कर, अनुदानाच्या भरवशावर सावकार गाठू नकोस.

आता खरं विचारायचं ते विचारतो. शेततळं हवंय कशाला? शेजाऱ्याचं झालं म्हणून? आपलं आष्टीचं रान मुरमाड. त्यात नुसता खड्डा घेतला तर पाणी मुरून जाईल. खालच्या विहिरीला त्याचा फायदा होईल, पण तळ्यातून भिजवायची आशा ठेवू नकोस. साठवायचं असेल तर अस्तरीकरण लागतं आणि त्याचा हिशेब वेगळा. काही जण प्लास्टिक अंथरतात आणि बोअर उपसून तळं भरतात. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, हे मला कधीच पटलं नाही. तळं ओढ्याच्या, पावसाच्या पाण्यानं भरावं.

आणि वरचा उतार उघडा असेल तर दोन पावसाळ्यांत तळं गाळानं भरतं. पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडं करायचं. आधी वर समपातळी चर, मग बांधबंदिस्ती, मग खाली तळं. आपल्या पडीक तुकड्याला चर आणि सीताफळ शोभेल. फुंडकर फळबाग योजनेत पैसे तीन वर्षांत येतात, 50, 30 आणि 20 टक्के. पण दुसऱ्या वर्षी 80 आणि तिसऱ्या वर्षी 90 टक्के झाडं जगलेली दिसायला हवीत, नाहीतर पुढचा हप्ता नाही. ही अट मला आवडते. रोपं लावून फोटो काढणारे आपोआप गळतात.

गाळावरून आठवलं. तलावातला गाळ शेतात टाकायला अल्पभूधारकाला एकरी 15 हजार, अडीच एकरापर्यंत 37,500 रुपये मिळतात. माळरानाला याच्याइतकं सोनं दुसरं नाही, आणि मागणारे कमी. पण त्यासाठी गावाचा तलाव गाळ काढायच्या यादीत यावा लागतो, म्हणून ग्रामसभेत विषय मांड. बायका बोलल्या की इतिवृत्तात घ्यावंच लागतं.

आज उतारे आणि बँकेचं काम उरक, उद्या अर्ज. पूर्वसंमती आली की आधी मला दाखव, मग जेसीबीवाल्याला फोन करू.