पद्मिनीचं हेड खोलताना

प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन मूळचं फियाट ११००चं. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. या इंजिनाचं हेड उतरवताना मी जे शिकलो, त्यातलं बरंचसं या एका गोष्टीतून येतं.

१. कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पान्याला हात लावू नका. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर त्यांच्यामधली गॅस्केट उडाल्याची शक्यता मोठी. एकच पडला असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांचा, जागेवरून हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्हचा. रिंगा गेलेल्या असताना नुसतं हेड करून घेणं म्हणजे पैसे वाया.

२. इंजिन पूर्ण गार हवं. गरम हेडचे नट सोडले की ते वाकतं. कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सोडत या.

३. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडा, नंबर घाला, पुश रॉड त्याच क्रमाने खोचून ठेवा. प्रत्येक रॉड आपापल्या टॅपेटवर घासून बसलेला असतो.

४. हेड चिकटलं तरी फटीत स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही. मऊ धातूवर पडलेला तो ओरखडा पुढे पाण्याची वाट होतो. लाकडी हातोडीने कडेला ठोका, सुटतं. जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती कोरडी खरवडू नका, ओली करून काढा.

५. फेस मारण्याबद्दल माझं मत ठाम आहे. हेड उतरलं की ते थेट मशीनवर पाठवायची पद्धत मला पटत नाही. सरळ पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर ठेवा, खालून फिलर गेज सरकवून पाहा. ०.०५ मिलिमीटरची पाती कुठेच शिरत नसेल तर हेडला हात लावू नका. प्रत्येक फेसिंगला थोडा धातू जातो, ज्वलनकक्ष लहान होतो, कॉम्प्रेशन वाढतं आणि इंजिन नॉक करायला लागतं. गेलेला धातू परत चढवता येत नाही, आणि धड हेड मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय.

६. व्हॉल्व्ह लॅपिंग हातानेच करावं. आधी जाडी पेस्ट, मग बारीक. सीटवर करड्या रंगाचं, न तुटलेलं कडं दिसलं की थांबा. पेस्ट कणभरही मागे राहू देऊ नका. मग व्हॉल्व्ह बसवून हेड उलटं ठेवा, कक्षात रॉकेल ओता आणि पोर्टमध्ये बोट फिरवून पाहा. ओल लागली तर पुन्हा घासा.

७. बसवताना उलट क्रम: मध्यापासून बाहेर, टॉर्क रेंचने, तीन टप्प्यांत. जुन्या पद्धतीची गॅस्केट तापल्यावर दबते. म्हणून गाडी फिरवून आणा, इंजिन रात्रभर गार होऊ द्या, सकाळी नट पुन्हा त्याच टॉर्कला आणा. टॅपेट त्यानंतर सेट करायचे.