खिडकीत रोप, वाफ्यात पीक

घरी भाजी आणि फुले पिकवायला घेतली की पहिल्या महिन्यात उत्साह असतो आणि तिसऱ्या महिन्यात गच्चीच्या कोपऱ्यात रिकाम्या कुंड्या. याला बियाणे किंवा खत क्वचितच कारणीभूत असते. जे जमिनीत वाढायचे ते आपण खिडकीत लावतो आणि जे खिडकीत सहज झाले असते त्याचा विचारच करत नाही. खिडकी आणि जमिनीचा तुकडा यांची कामे वेगळी आहेत. तो तुकडा घरामागचा असो, वसाहतीच्या सामाईक जागेतला असो किंवा गावाबाहेर भाड्याने घेतलेला असो. कामाची वाटणी नीट केली तर दोन्ही ठिकाणी हाती काही लागते.

प्रथम ऊन पाहावे

कुंडी आणण्यापूर्वी एक दिवस दर दोन तासांनी खिडकीत ऊन आहे का, ते लिहून ठेवावे. मात्र एका दिवसावर विसंबू नये. मार्गशीर्ष-पौषात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन आतपर्यंत येते. मुंबई-पुण्याकडे साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो. त्या काळात त्याच खिडकीत थेट ऊन जवळजवळ येत नाही. हिवाळ्यात बहरलेले झाड उन्हाळ्यात रुसले, तर आधी हे आठवावे.

तीन-चार तास ऊन मिळत असेल तर मेथी, कोथिंबीर, पालक, पुदिना लावावा. टोमॅटो, मिरची, झेंडू यांना सहा तास तरी ऊन हवे. मेथीला चार-पाच इंच खोल पसरट भांडे पुरते आणि ती २५ ते ३० दिवसांत काढता येते. धने पेरण्यापूर्वी हलके रगडून दोन भाग करावेत. ते उगवायला आठ-दहा दिवस घेतात, तेवढ्यात माती उकरून पाहू नये!

खिडकीतील झाडे तहानेपेक्षा अतिपाण्यानेच अधिक मरतात. बोट मातीत दोन पेरांपर्यंत खुपसावे आणि ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. भांड्याला खाली छिद्रे असावीत आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. भिजलेल्या मातीची कुंडी बरीच जड असते. ती जाळीच्या आत बांधून ठेवावी, उघड्या कठड्यावर कधीही ठेवू नये. वाऱ्याने पडलेली कुंडी खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

खिडकी ही रोपवाटिका

जमिनीचा तुकडा असलेल्यांनी वांगी, टोमॅटो, मिरची आणि झेंडू यांची रोपे खिडकीत करावीत. नजरेसमोर असल्याने त्यांची निगा राहते. सुमारे चार आठवड्यांनी रोपे लावण्याजोगी होतात. मिरचीला थोडे अधिक दिवस लागतात. खिडकीतील रोप कोवळे असते, म्हणून पाच-सहा दिवस बाहेरच्या उन्हाची थोडी थोडी सवय करून मग संध्याकाळी लावावे. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर बी साधारण तीन महिने आधी पेरावे. भेंडी, गवार, काकडी, दुधी यांची मुळे हलवलेली त्यांना मानवत नाहीत. त्यांचे बी थेट वाफ्यातच टोकावे.

वाफा तीन ते चार फूटच रुंद ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि मातीवर पाय पडत नाही. पालापाचोळ्याचे आच्छादन घातले की ओल टिकते आणि तणही कमी उगवते. वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातली भावंडे आहेत. एकामागून एक त्याच वाफ्यात लावली तर एकाचा रोग दुसऱ्याला भेटतो. मध्ये चवळी किंवा घेवडा घ्यावा. त्यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात. टोमॅटोजवळ झेंडू लावण्याची शेतकऱ्यांची पद्धतही उत्तम आहे. त्याच्या मुळांमुळे मातीतील सूत्रकृमी कमी होतात.

दुधीला फुले येतात पण फळ गळते, ही तक्रार सर्वत्र आहे. वेलावर नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलामागे इवलासा दुधी दिसतो. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, तेव्हा नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी टेकवावेत. भोपळ्याचे आणि काकडीचे हेच काम सकाळी करावे. मधमाश्या येत राहाव्यात म्हणून पूजेसाठी फुले खुडताना काही झाडावर ठेवावीत.

पेरणीचे वेळापत्रक महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांनी जसेच्या तसे घेऊ नये. तमिळनाडूत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. तेव्हा वाफे उंच करावेत आणि पाण्याला वाट ठेवावी. दिल्लीकडे कडाक्याच्या थंडीत टोमॅटो-मिरचीचे बी उगवायला फार वेळ लावते. तिथे जानेवारीत बी घरातल्या उबदार खिडकीत रुजवून, थंडी ओसरली की रोपे वाफ्यात न्यावीत.