तळे एक, मिळकती अनेक

मासळीचा धंदा म्हटला की आम्हा उपनगरवासीयांच्या डोळ्यांसमोर वर्सोव्याच्या होड्या येतात. परंतु गोड्या पाण्यातील मासळीवर जगणारी कुटुंबेही महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. भंडारा-गोंदिया भागातील ढिवर समाज हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथील तलाव कोहळी शेतकऱ्यांनी भातासाठी बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि ढिवरांच्या सहकारी संस्था ते मासेमारीसाठी ठेक्याने घेऊ लागल्या.

या धंद्याची खरी अडचण आम्हा बँकवाल्यांना चटकन कळते. बीज पावसाळ्यात सोडायचे आणि पैसा येतो उन्हाळ्यात. मधले आठ महिने घर कशावर चालायचे? बांध फुटला वा रोग पडला की सावकाराचे दार ठरलेलेच. म्हणून एकाच तळ्यातून निरनिराळ्या वेळी पैसा यावा, हे महत्त्वाचे.

पाण्यातही थर असतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. तिन्ही एकत्र सोडल्यास खाद्य वाया जात नाही. ढिवर शिंगाडाही लावतात. दिवाळीच्या सुमारास फळ निघते; ओले उकडून विकता येते, वाळवून त्याचे पीठ होते. (उपवास करणाऱ्यांची कृपा!) मात्र त्याच तळ्यात गवत्या मासा सोडू नये, तो पाणवनस्पती फस्त करतो. बदके पाळली तर त्यांच्या विष्ठेने पाण्यात माशांचे सूक्ष्म खाद्य वाढते आणि अंड्यांचा पैसा आठवड्याला येतो. बांधावर तूर, भाजीपाला. गाळ शेताला खत. आमच्या मते सर्व एकदम करू नये. आधी अंडी-भाजी जवळच्या बाजारात खपते का, ते पाहावे.

२०१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मत्स्यपालकांनाही मिळू लागले. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान ठेवले गेले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झालेला असल्याने गावाकडील भावांना हे अवश्य कळवावे. विद्यार्थ्यांनीही लक्षात ठेवावे की १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आपल्या अंधेरीतच, वर्सोव्याला आहे.

गावी शेततळे असेल तर प्रथम पाणी किती महिने टिकते ते विचारा. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात चिखल नसतो. तेथे मृगळाला तळाशी फारसे खायला मिळत नाही, वरून खाद्य टाकावे लागते. तो खर्च कर्जाच्या अर्जात आधीच दाखवावा.