शब्द शेवटच्या रांगेपर्यंत : कर्ण्याची रचना आणि संगणकीय प्रतिरूपण

आपल्या वसतिशाळेच्या मैदानावर सकाळच्या हजेरीस जे उभे राहिले आहेत, त्यांना कडुनिंबाला बांधलेला तो कर्णा निश्चितच आठवत असेल. त्याच्या समोर बसणारी लहान मुले कानांवर हात ठेवीत आणि मागच्या रांगेतील मोठी मुले 'सर काय म्हणाले?' असे एकमेकांस विचारीत. एके दिवशी 'आठ क्रमांकाच्या विद्यार्थ्याने कार्यालयात यावे' अशी सूचना झाली आणि कार्यालयाच्या दारात आठ क्रमांकाचा व साठ क्रमांकाचा असे दोघेही हजर झाले. मैदान खूप हसले. आवाज कमी नव्हता. हरवला होता तो केवळ एक 'स'. ऐकणाऱ्यास तो आहे की नाही, हेच ठरवता येत नव्हते.

आवाज मोठा करणे आणि शब्द पोहोचविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मला पुष्कळ वर्षांनी ध्वनितंत्राचा अभ्यास करताना उमगले. कर्णा घडविण्यापूर्वीच तो कसा वाजेल याचा अंदाज संगणकावर घेता येतो. त्या पद्धतीची ओळख करून देणे आणि तिच्या मर्यादा सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. नववी-दहावीचे विज्ञान झालेल्या कोणासही हा विषय समजण्यासारखा आहे.

१. कर्णा नेमके काय करतो?

शेताच्या दुसऱ्या बांधावरील माणसास हाक मारताना आपण दोन्ही तळहात तोंडाभोवती धरतो. कर्ण्याचे मूळ तत्त्व तेच आहे. ध्वनिवर्धकाचा पडदा हवेच्या मानाने जड असतो. तो उघड्या हवेत थरथरला तर समोरची हवा बाजूला सरकून जाते, तिच्यावर पुरेसा दाब पडत नाही आणि बरीच शक्ती उष्णतेत वाया जाते. साध्या ध्वनिवर्धकात विजेचा जेमतेम एक टक्क्याच्या आसपास भाग ध्वनीत रूपांतरित होतो. पडद्यासमोर अरुंद कंठाची व हळूहळू रुंदावत जाणाऱ्या मुखाची नळी बसविली, की कंठातील हवेस पळवाट उरत नाही. पडदा तिच्यावर जोर लावू शकतो आणि तो दाब टप्प्याटप्प्याने बाहेरच्या मोकळ्या हवेस सोपविला जातो. चढावर सायकलचा गिअर जसा पायांची शक्ती रस्त्याशी जुळवून घेतो, तसा कर्णा जड पडद्याचा हलक्या हवेशी मेळ घालतो. त्यामुळे चांगल्या कर्ण्याची कार्यक्षमता दहा टक्क्यांच्याही वर जाऊ शकते.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ साली तयार झाला. पुढील काही दशके अशा यंत्रांचे कर्णे कारागिराच्या अंदाजाने बनत. कर्ण्यातून ध्वनी कसा प्रवास करतो याचे समीकरण अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर्थर गॉर्डन वेबस्टर यांनी १९१९ साली प्रसिद्ध केले. १९२४ मध्ये हॅना व स्लेपियन यांनी घातांकी कर्ण्याचे, म्हणजे ठराविक अंतरागणिक क्षेत्रफळ दुप्पट होत जाणाऱ्या कर्ण्याचे गुण विशद केले. १९२६ च्या सुमारास वेंटे व थुरास यांचे ड्रायव्हर युनिट आले आणि बोलपटांस आवाज मिळाला. त्या काळचे वर्धक मोजक्याच वॅटचे असत. तेवढ्या शक्तीत भरलेले नाट्यगृह ऐकू शकले ते कर्ण्यांमुळे.

२. प्रथम वहीवर गणित

संगणकाकडे वळण्यापूर्वी हे गणित एकदा हाताने करावे, असा माझा आग्रह आहे. घातांकी कर्ण्यास एक सीमा-वारंवारता असते. तिच्या खालचे स्वर तो वाहून नेत नाही. हवेत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४४ मीटर धरला, तर दोन सोपे नियम हाती येतात.

पहिला नियम : १९०० या संख्येस सीमा-वारंवारतेने भागावे, जितके सेंटीमीटर येतील तितक्या अंतरावर कर्ण्याचे क्षेत्रफळ दुप्पट झाले पाहिजे. दुसरा नियम : १०,९५० या संख्येस सीमा-वारंवारतेने भागावे, येईल तो मुखाचा व्यास, सेंटीमीटरमध्ये. या दुसऱ्या नियमाचा अर्थ इतकाच, की मुखाचा परीघ सीमेवरील ध्वनीच्या एका तरंगलांबीइतका असावा.

दूरध्वनीवरील बोलणे पूर्वापार ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात पाठविले जाते आणि ते समजते. म्हणून केवळ भाषणासाठी ३०० हर्ट्झ ही सीमा धरू. क्षेत्रफळ दर ६.३ सेंटीमीटरला दुप्पट व्हावे आणि मुखाचा व्यास ३६.५ सेंटीमीटर असावा, असे उत्तर येते. कंठाचा व्यास एक इंच, म्हणजे २.५४ सेंटीमीटर असेल, तर कंठाचे क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस सेंटीमीटर व मुखाचे सुमारे १०४७ चौरस सेंटीमीटर भरते. पाचापासून १०४७ पर्यंत जाण्यास पावणेआठच्या आसपास दुपटी लागतात. त्यामुळे लांबी सुमारे ४९ सेंटीमीटर होते. झाडावर दिसणारा भोंगा याहून आखूड असतो, कारण त्याच्या आत नळीची घडी घातलेली असते. ध्वनी पुढे जातो, मागे वळतो आणि पुन्हा पुढे येतो.

सीमा १०० हर्ट्झवर आणावयाची म्हटले, तर मुखाचा व्यास जवळजवळ ११० सेंटीमीटर होतो. खर्जासाठी कर्णे इतके अवाढव्य का असतात, हे या एका भागाकारातून ध्यानी येते.

३. संगणकास काय सांगावे लागते?

वहीवरचे गणित कर्ण्याचा आकार सांगते. पण विशिष्ट युनिट जोडल्यावर प्रत्येक स्वर किती जोराने निघेल, हे त्यातून कळत नाही. तेथे प्रतिरूपण उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड मॅकबीन यांनी विकसित केलेली 'हॉर्नरेस्प' ही प्रणाली विनामूल्य मिळते व साध्या संगणकावर चालते. तिच्या पटलावर कंठ व मुख यांची क्षेत्रफळे चौरस सेंटीमीटरमध्ये, लांबी सेंटीमीटरमध्ये, पडद्यामागील पेटीचे घनफळ लिटरमध्ये आणि युनिटचे गुणधर्म भरावयाचे असतात. पडद्याचे क्षेत्रफळ, हलणाऱ्या भागाचे वस्तुमान, बैठकीची लवचीकता, चुंबक व तारेच्या वेटोळ्याचे बळ, वेटोळ्याचा रोध ही त्यांतील मुख्य राशी होत. थील यांनी १९६१ मध्ये व स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी अशा राशींची शिस्तबद्ध मांडणी केली. म्हणूनच आज कागदी शंकूच्या ध्वनिवर्धकांसोबत त्या छापून मिळतात. भोंग्याच्या लहान युनिटसोबत मात्र त्या बहुधा मिळत नाहीत, मोजाव्या लागतात.

येथे एक सापळा आहे. उत्पादकाच्या पत्रकात वस्तुमान बहुधा पडद्याला चिकटून हलणाऱ्या हवेसह दिलेले असते. ही प्रणाली मात्र हवा वगळून केवळ पडद्याचे वस्तुमान मागते. दोन्ही आकडे ग्रॅममध्येच असल्याने चूक नजरेस येत नाही.

आकडे भरले, की आलेख उमटतात. विद्यार्थ्यांनी तीन आलेख अवश्य पाहावेत. पहिला ध्वनिपातळीचा. मुख ३६ वरून २५ सेंटीमीटरवर आणून पाहावे. आलेखात लाटा उठतात, कारण अपुऱ्या मुखावरून ध्वनी परावर्तित होऊन आत परततो. दुसरा आलेख विद्युत् रोधाचा. तो पुढे प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहण्यास सोपा. तिसरा पडद्याच्या हालचालीचा. सीमेखालच्या वारंवारतेस हवेचा आधार सुटतो आणि पडदा अनावर हलू लागतो. ऐन कार्यक्रमात युनिट गेले, की साउंडवाल्यास दोष दिला जातो. अनेकदा खरे कारण असते ते सीमेखालचा खर्ज गाळून न टाकता युनिटला दिला जाणे. हा आलेख त्याची पूर्वसूचना देतो.

४. आमची एक चूक

महाविद्यालयात असताना आम्ही तिघा मित्रांनी एका सभेसाठी प्लायवूडचा कर्णा तयार केला. सीमा २०० हर्ट्झ ठरविली होती. संगणकावरचा आलेख इतका सुरेख होता, की त्याच रात्री आम्ही करवत हाती घेतली. सभेच्या दिवशी बांबूच्या उंच मचाणावर कर्णा चढविला आणि वक्त्याचा भारदस्त आवाज किरटा होऊन बाहेर पडू लागला.

चूक एका चौकटीत होती. कर्ण्यापुढे किती अवकाश मोकळा आहे, हे या प्रणालीस सांगावे लागते. उंचावर टांगलेल्या कर्ण्याभोवती पूर्ण अवकाश असतो. जमिनीवर ठेवल्यास अर्धा, जमीन व भिंत यांच्या सांध्यात पाव आणि खोलीच्या कोपऱ्यात अष्टमांश. अवकाश अर्धा झाला, की मुखाचे क्षेत्रफळही अर्धे पुरते, कारण जमीन आरशासारखे काम करते. अमेरिकेतील पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात कोपऱ्यात ठेवावयाचा कर्णा घडविला, तो याच तत्त्वावर. आम्ही ती चौकट पाहिलीच नव्हती. तेथे आधीपासून 'अर्धा अवकाश' भरलेला होता. ५५ सेंटीमीटर व्यासाइतके मुख हवे असता ३९ सेंटीमीटरचे पुरेसे दिसले, आणि तो कर्णा आम्ही आकाशात टांगला.

घरी येऊन योग्य अवकाश भरला, तेव्हा मैदानावर जे ऐकले होते तेच आलेखात दिसले. संगणक चुकला नव्हता. आम्ही त्यास खोटी परिस्थिती सांगितली होती. त्याचे उत्तर आपल्या प्रश्नाइतकेच खरे असते.

५. मैदान कोण पाहणार?

वेबस्टरच्या समीकरणावर उभ्या असलेल्या प्रतिरूपणात ध्वनी जणू एकाच दिशेने, नळीच्या अक्षावरून चालतो असे गृहीत धरलेले असते. खालच्या स्वरांसाठी ते पुरेसे आहे. परंतु घातांकी कर्ण्यातून निघणारा ध्वनी स्वर उंच होत जाईल तसा अधिकाधिक अरुंद झोतात जातो. 'स', 'श' यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारा ध्वनी मुख्यतः २००० हर्ट्झच्या वर, 'स' चा तर बहुतांश ४००० हर्ट्झच्याही वर असतो. साहजिकच झोताबाहेर बसलेल्यास स्वर ऐकू येतात, व्यंजने नाहीत. आठ आणि साठ यांची गल्लत येथे उगम पावते.

या दोषावर डी. बी. कील यांनी १९७५ मध्ये बोट ठेवले आणि सर्व स्वर सारख्या कोनात पसरविणाऱ्या कर्ण्यांचे युग सुरू झाले. असा प्रसार आधीच पाहावयाचा, तर कर्ण्याच्या पृष्ठभागाचे शेकडो लहान तुकडे करून प्रत्येकावरील दाब काढणारी सीमा-घटक पद्धत वापरावी लागते. 'आकाबाक' ही प्रणाली त्या प्रकारची. तीस वेळ व अभ्यास अधिक लागतो.

आपल्या मैदानाचेच उदाहरण घेऊ. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की ध्वनिपातळी ६ डेसिबलने उतरते. कर्णा कानांच्या उंचीवर असून पहिली रांग ५ व शेवटची ४० मीटरवर असेल, तर तीन दुपटींमुळे १८ डेसिबलचा फरक पडतो. आता कर्णा मुलांच्या कानांहून ५ मीटर उंच चढवून शेवटच्या रांगेवर रोखू. पहिल्या रांगेचे खरे अंतर ७ मीटरच्या वर जाते आणि फरक १५ डेसिबलवर येतो. शिवाय पहिली रांग झोताच्या अक्षापासून सुमारे ३८ अंश बाजूला पडते. त्या कोनात कर्ण्याचा आवाज समजा १० डेसिबलने कमी असेल, तर दोन रांगांत केवळ ५ डेसिबलचे अंतर राहील. पुढच्याचे कान वाचतील, मागच्यास शब्द मिळेल, आणि वर्धकाचे बटण पुढे सरकविण्याची गरजही भासणार नाही. मात्र ते १० डेसिबल सर्व स्वरांत सारखेच कमी झाले पाहिजेत. अन्यथा पहिल्या रांगेस व्यंजने मिळणार नाहीत.

मैदानाच्या कुंपणापलीकडेही माणसे राहतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. जो ध्वनी श्रोत्यांवर नेमका पडतो, तो शेजाऱ्याच्या आजारी माणसाची झोप कमी मोडतो. म्हणून कर्ण्याची दिशा ठरविणे हे तंत्राइतकेच शेजारधर्माचेही काम आहे.

समारोप

विद्यार्थ्यांसाठी एक स्वाध्याय सुचवितो. ४०० हर्ट्झ सीमेच्या कर्ण्याचे मुख व दुपटीचे अंतर वहीवर काढावे. तेच आकडे संगणकात भरून पूर्ण व अर्ध्या अवकाशातील आलेख ताडून पाहावेत. मग जाड पुठ्ठ्याचा कर्णा तयार करून मैदानात न्यावा. एकाने पुढे उभे राहून 'आठ, साठ, तास, ताठ' असे शब्द क्रम बदलून वाचावेत. बाकीच्यांनी निरनिराळ्या जागांवरून ऐकू आले ते लिहावे. कोठे किती शब्द चुकले याचा नकाशा काढला, की संगणकाने न दाखविलेले बरेच काही त्यात सापडेल.

पूर्वी अशा अभ्यासास मोठी प्रयोगशाळा लागे. आज वसतिगृहातील एका जुन्या संगणकावर त्याचा आरंभ होऊ शकतो, ही आपल्या मुलांसाठी मोठी संधी आहे. वही, पडदा आणि मैदान या तिन्ही ठिकाणी उत्तर जुळले, तरच करवत हाती घ्यावी. आणि अखेरची परीक्षा कोणाकडून करून घ्यावयाची, हे तर आपणा सर्वांस ठाऊकच आहे : सर्वांत मागे बसलेल्या, सर्वांत लहान आवाजात 'सर, पुन्हा सांगा' म्हणणाऱ्या मुलाकडून.