गॅरेजला इपॉक्सी: भाव सांगतील, तुम्ही जाडी विचारा

खाली पेव्हर ब्लॉक किंवा चेकर्ड टाइल्स असतील तर इपॉक्सीचा विचार सोडा. सांध्यासांध्यांतून रंग उलेल. काँक्रीट किंवा घट्ट कोबा असेल तरच पुढे वाचा. कोबा नवा असेल तर पाणी मारण्याच्या दिवसांसकट किमान 28 दिवस जाऊ द्या. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये गाडी लावत असाल तर आधी कमिटीकडून लेखी परवानगी घ्या. खालची जमीन सामायिक असते, तुमच्या एकट्याची नव्हे.

कधी करायचं? दिवाळीनंतर ते मेपर्यंत. पावसाळ्यात कोणी ‘स्वस्तात करून देतो’ म्हणाला तरी नाही म्हणा. त्या दिवसांत त्याला काम नसतं म्हणून तो स्वस्त असतो आणि हवा दमट असताना मारलेला रंग चिकट किंवा पांढुरका राहतो.

ओल आहे की नाही हे ठेकेदाराला विचारू नका, स्वतः बघा. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा टेपने घट्ट चिकटवा, रात्रभर ठेवा, किमान 16 तास. सकाळी उचला. आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा खालचा कोबा आजूबाजूपेक्षा काळपट झाला असेल तर जमिनीतून ओल येते आहे. वर कितीही महाग रंग लावा, पोपडे धरणार. ही चाचणी दोन-तीन ठिकाणी करा, त्यातली एक बाहेरच्या भिंतीलगत. खर्च प्लास्टिक आणि टेपचा.

आता भाव. पुण्या-मुंबईकडे प्रायमर आणि दोन हात अशा पातळ कोटिंगला चौरस फुटाला साधारण 35 ते 60 रुपये सांगतात. दोन मिलिमीटर सेल्फ लेव्हलिंगला, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट होणाऱ्या जाड थराला, 90 ते 150. हे आकडे मोठ्या जागेचे, गोडाऊनचे. तुमचं गॅरेज 200 चौरस फूट, म्हणजे जेमतेम दोन ब्रास. एवढ्याशा कामासाठी मशीन आणि माणसं हलवायला ठेकेदार ‘मिनिमम चार्ज’ लावतो आणि दहा हजारांचं काम पंधरा-वीसवर जातं. शेजारच्या दोन बंगल्यांचं काम एकत्र काढलंत तर हा आकडा खाली येतो.

भाव ऐकून हो म्हणू नका. आधी विचारा: वाळल्यावर जाडी किती? उत्तर ‘एकदम जाड मारतो साहेब’ असं आलं तर तो ठेकेदार बाद. उत्तर मायक्रॉनमध्ये किंवा मिलिमीटरमध्ये हवं. मग साधं गणित करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडी म्हणजे एक लिटर घट्ट माल. 200 चौरस फूट म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. दोन मिलिमीटर कबूल केलं असेल तर फिलर धरून 37 लिटरच्या आसपास माल अंगणात उतरायला हवा. पातळ कोटिंगमध्ये 200 मायक्रॉन कबूल असतील आणि रंगात निम्मं थिनर उडून जाणारं असेल, तर प्रायमर सोडून साडेसात लिटर. चार लिटरचा एकच डबा घेऊन माणूस आला तर तुम्हाला जाडी निम्मीच मिळणार. रिकामे डबे काम संपेपर्यंत तुमच्याकडे ठेवून घ्या, मोजा. डब्यावरची तारीखही बघा, मुदत उलटलेला हार्डनर बाजारात फिरत असतो.

खरे पैसे तयारीचे, आणि कात्री तिथेच लागते. आमच्या ओळखीच्या एका घरी ठेकेदाराने फरशी फक्त पाइपने धुऊन, दुसऱ्या दिवशी रोलर फिरवला. आठवड्याने स्कूटरचा स्टँड जिथे टेकतो तिथून रंग सालीसारखा सुटला. खाली गुळगुळीत, घोटलेला कोबा तसाच. कोबा घोटलेला असला की रंगाला धरायला जागाच नसते. डायमंड ग्राइंडरने वरचा थर काढलाच पाहिजे. फिरवून झाल्यावर हात लावून बघा, बारीक पॉलिश पेपरसारखी खरखर जाणवली पाहिजे. मग पाण्याचे चार थेंब टाका. ते मिनिटाभरात शोषले गेले तर ठीक, मण्यासारखे उभे राहिले तर पुन्हा ग्राइंडिंग.

‘ग्राइंडर कशाला, ॲसिड मारतो’ हा नेहमीचा शॉर्टकट. ॲसिड ऑइलच्या डागावर काम करत नाही, जुना रंगही काढत नाही, नीट धुतलं नाही तर आतच राहतं, आणि वर फरशी वाळायला आणखी दिवस जातात. ऑइलचे डाग आधी डीग्रीझर आणि ताठ ब्रशने काढावे लागतात, जुना डाग दोन-तीनदा.

कोटेशनमध्ये हे शब्द दिसतात का बघा, नसतील तर ते ‘एक्स्ट्रा’ म्हणून शेवटी येतील: ग्राइंडिंग, तडे भरणं, डाग काढणं, प्रायमर, भिंतीलगतची स्कर्टिंग (ही रनिंग फुटाने वेगळी मोजतात), वाहतूक, 18 टक्के जीएसटी. रॅम्प असेल तर त्यावर क्वार्ट्झ वाळू टाकून खरखरीत फिनिश लिहून घ्या; पावसात ओल्या टायरने गाडी आत येते तेव्हा गुळगुळीत इपॉक्सीवरून माणूस घसरतो. दाराशी ऊन येतं? तिथे इपॉक्सी पिवळी पडते. वरून पॉलियुरेथेनचा हात हवा, त्याचे पैसे निराळे.

स्वतः करायचं असेल तर 200 चौरस फुटांना माल, रोलर आणि भाड्याचा ग्राइंडर मिळून आठ ते दहा हजार धरा. रंग आणि हार्डनर या दोन डब्यांचं प्रमाण अंदाजाने घेऊ नका, चुकलं तर रंग वाळतच नाही. मिसळला की लगेच पसरा. बादलीत तसाच ठेवलात तर हाताला चटका बसेल इतका तापतो आणि उन्हाळ्यात अर्ध्या तासात दगड होतो. सकाळी कोबा तापत असताना मारू नका, आतली हवा वर येऊन बुडबुडे धरतात. दुपार कलल्यावर सुरू करा. हातमोजे घाला, हार्डनरने अंगावर पुरळ उठतं. थिनरवाला माल असेल तर शटर उघडं आणि विडी-काडी बंद.

दिवस किती? पहिला सफाई आणि ग्राइंडिंग, दुसरा तडे आणि प्रायमर, तिसरा-चौथा रंगाचे हात. चोवीस तासांनी चालता येतं. गाडी सात दिवस बाहेर. ‘तिसऱ्या दिवशी लावा, काही होत नाही’ हे ऐकू नका.

पाच वर्षांची तोंडी गॅरंटी म्हणजे काहीच नाही. जाडी, कंपनीचं नाव, हातांची संख्या आणि गॅरंटी बिलावर घ्या. जीएसटी वाचवायला कच्चं बिल घेतलंत तर भांडायला कागद उरत नाही. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करायला फी लागत नाही.

पैसे तीन हप्त्यांत द्या: थोडा ॲडव्हान्स, प्रायमर झाल्यावर दुसरा, आणि तिसरा राखून ठेवा. सात दिवस झाले की गाडी तासभर फिरवून आणा आणि टायर गरम असतानाच आत लावा. रात्रभर राहू द्या. सकाळी हलवून टायरखालची जागा बघा. रंग जागेवर असेल तर उरलेले पैसे द्या.