मागच्या माणसाच्या चालीने

पुता, यंदा गट तुझ्या हाती आहे, म्हणून पहिली गोष्ट ही सांगतो: तू पुढे चालू नकोस. पुढे वाट ठाऊक असलेला, बेताने पावलं टाकणारा माणूस ठेव आणि तू सगळ्यांच्या मागे राहा. गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला चालत निघालेला माणूस पहिल्या तासात दमत नाही. तिसऱ्या तासाला तो गप्प होतो, मग मागे पडतो, आणि लाजेने ‘थांबा’ म्हणत नाही. शेजारी कोणी असेल तरच हे कळतं. गटाची चाल त्याची.

दिवस निवडताना ३ डिसेंबरचाच हट्ट धरू नका. नोवेना २४ नोव्हेंबरपासून असते, त्यातला कुठलाही दिवस चालेल. म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना फेस्ताच्या गर्दीपेक्षा तो बराच. आणि नव्या मुलांना आधीच सांगून ठेव, सायबाची चांदीची पेटी जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस इगर्जीत उंचावर असते. ती खाली आणून दर्शन देतात ते दहा वर्षांतून एकदा; मागचं २०२४च्या नोव्हेंबरपासून २०२५च्या जानेवारीपर्यंत झालं.

पेडण्याहून येणाऱ्यांची वाट सरळ, पण सगळी महामार्गाची. धारगळ, कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी. अंधारात समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने, एकामागून एक चाला. पहिल्याच्या आणि शेवटच्याच्या हातात बॅटरी, अंगात उजेडात चमकणारं जाकीट. तेर्साची प्रार्थना म्हणताना माणसं नकळत घोळका करतात, तेवढं सांभाळ. मांडवीवर चालणाऱ्यांनी जुना पूलच धरायचा. पुढे रायबंदरचा पाटो अरुंद आहे, तिथे गाणं थांबवून चाला.

आपली डिचोलीची वाट मला जास्त प्रिय आहे. मये, नार्वे, मग फेरीबोट, दिवाडी बेट, पुन्हा फेरीबोट आणि समोर जुने गोवें. चालणाऱ्याला बोटीत पैसे पडत नाहीत. धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो, म्हणून आधी म्हाताऱ्यांना हात देऊन चढवा. बोटीत दहा मिनिटं मिळाली की बूट काढून पाय मोकळे करा. दिवाडीत खाजनाच्या शेतांमधून रस्ता जातो, तिथे सावली थोडी. ऊन चढायच्या आत तो टप्पा पार करायचा, म्हणजे डिचोली पहाटे तीनलाच सोडायची.

नार्व्यात सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. हा देव मूळचा दिवाडीचा. पोर्तुगीज काळात तो नदी ओलांडून इकडे आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. आपण ज्या पाण्यावरून सायबाकडे जातो, त्याच पाण्यावरून तो देव उलट दिशेने आला, हे आपल्या मुलांना माहीत असावं. गावातून जाताना भोंगा बंद ठेवा. कोणी दारात पाणी घेऊन उभं असेल तर थांबा, प्या, आणि भांडं जागच्या जागी परत द्या.

आता पाय. बाकी काही विसरलास तरी हे विसरू नकोस. नवे बूट घालून कोणी आला तर त्याला घरच्या जुन्या चपला आणायला पाठव. नखं दोन दिवस आधी कापायची, निघायच्या सकाळी नव्हे. बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला व्हॅसलीन चोळायचं. पाय चुरचुरू लागला की त्याच क्षणी थांबून पट्टी लावायची, पुढच्या खुरसापर्यंत कळ काढत बसायचं नाही. फोड आला तर त्याची कातडी ओढू नका. कोणाची अनवाणी चालायची आंगवण असेल तर तिचा मान राखा, पण दहानंतर डांबर तापतं. चपला पिशवीत असू द्या, हे तू त्याच्या कानात सांग.

निघताना पोटभर जेवू नका. पातळ पेज, मिठातल्या आंब्याची फोड, वाटेत केळं आणि पोय. तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी, आणि घाम जास्त आला की मीठ घातलेलं कोकम. बायका पाणी प्यायचं टाळतात, कारण वाटेत आडोसा नसतो. म्हणून आधीच एकदा गाडीने फिरून इगर्जी आणि पेट्रोलपंप हेरून ठेव, आणि निघण्यापूर्वीच थांबे सगळ्यांना सांगून टाक. मला हे झेंड्यापेक्षा आणि बॅनरपेक्षा कितीतरी महत्त्वाचं वाटतं.

विसावा दहा मिनिटांचा. त्याहून जास्त बसलात तर पोटऱ्या आखडतात.

पोचल्यावर रांगेत शिरण्याआधी माणसं मोज. परतीला कोणी चालायचं नाही, सगळ्यांना बसमध्ये बसव. गोडव्याचा आजार असलेल्यांनी घरी जाऊन तळवे नीट उजेडात बघायचे, दुसऱ्या कोणाकडून बघून घेतले तर उत्तम. त्यांना जखम कळत नाही. लाली दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली तर त्यांना डॉक्टरकडे तू स्वतः घेऊन जा.