दुःखाचा वारसा आणि करुणेचा अभ्यास

युद्ध कधी संपले याची तारीख इतिहासाच्या पुस्तकात सापडते. ते घरातून कधी गेले, हे मात्र सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. जे वाचले त्यांनी परक्या देशांत संसार मांडले, मुले वाढवली. त्या मुलांनी छळछावणी पाहिली नव्हती; तरीही तिची छाया त्यांच्या बालपणावर पडली. ती कशी पडली, हे एका कुटुंबाच्या आधारे समजून घेऊ.

व्लादेक आणि आन्या स्पीगेलमन हे पोलंडमधील ज्यू दांपत्य. त्यांचा पहिला मुलगा रिश्यू. तो सुरक्षित राहावा म्हणून त्यांनी त्याला आन्याच्या बहिणीकडे पाठवले. १९४३ मध्ये तेथील ज्यूंची छावणीकडे रवानगी होऊ लागली, तेव्हा मुले नाझींच्या हाती पडू नयेत म्हणून त्या मावशीने स्वतः विष घेतले आणि मुलांनाही दिले. रिश्यू त्यात गेला. पुढे व्लादेक आणि आन्या आउशविट्झच्या छावणीत पोहोचले आणि तेथून जिवंत परतले. १९४८ मध्ये स्टॉकहोम येथे त्यांना दुसरा मुलगा झाला, तो आर्ट. कालांतराने हे कुटुंब न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झाले. आर्ट व्यंगचित्रकार झाला. वडिलांकडून ऐकलेली हकीकत त्याने ‘माउस’ या चित्रमय ग्रंथात मांडली. त्यात ज्यू हे उंदीर आहेत आणि जर्मन हे मांजर. १९८६ आणि १९९१ मध्ये त्याचे दोन भाग प्रसिद्ध झाले. १९९२ मध्ये त्याला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला.

या ग्रंथात दुःखाच्या संक्रमणाच्या वाटा स्पष्ट दिसतात. पहिली वाट रोजच्या वागण्याची. लहानपणी आर्टने ताटात टाकलेले अन्न वडील पुढच्या जेवणाला पुन्हा वाढत. मित्र आपल्याला मागे टाकून गेले म्हणून तो रडत आला, तेव्हा आठवडाभर उपाशी कोंडून घेतल्यावरच मैत्रीची पारख होते, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. छावणीत जी काटकसर आणि जो संशय जीव वाचवत होता, तोच घरात मुलाला जाचू लागला.

दुसरी वाट अबोल शोकाची. आईवडिलांच्या खोलीत रिश्यूचे छायाचित्र टांगलेले असे. छायाचित्रातला मुलगा कधी हट्ट करीत नाही, कधी चुकत नाही. न पाहिलेल्या त्या भावाशी आर्टची मूक स्पर्धा चालू राहिली.

तिसरी वाट हरवलेल्या कथेची. १९६८ मध्ये आन्याने स्वतःचे जीवन संपवले. आपल्या आठवणी तिने युद्धानंतर वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. मुलाने त्या वाचाव्यात, अशी तिची आशा होती. शोकाच्या भरात व्लादेकने त्या जाळल्या. कथा जळाली, दुःख मात्र राहिले. अशा दुःखाला नाव नसते, म्हणून ते अधिक छळते.

हा वारसा शरीरातूनही येतो काय, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. अमेरिकेतील संशोधिका रेचल येहुदा यांनी छळातून वाचलेल्यांच्या मुलांमधील ताणाशी निगडित संप्रेरकांचा आणि जनुकांवरील रासायनिक खुणांचा अभ्यास केला. तथापि ही संशोधने थोड्या व्यक्तींवर आधारलेली असून त्यांच्या निष्कर्षांविषयी मतभेद आहेत. संगोपनातून होणारे संक्रमण मात्र या कुटुंबात डोळ्यांना दिसते.

‘माउस’मधील एक प्रसंग विशेष मननीय आहे. आर्टच्या पत्नीने रस्त्यात उभ्या असलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाला मोटारीत घेतले, तेव्हा व्लादेक संतापला. हा माणूस चोरी करील, अशी त्याची खात्री होती. वंशद्वेषाने ज्याचे सर्वस्व हिरावले, तोच दुसऱ्या वंशाविषयी असे बोलत होता. यातून ध्यानी येते की, दुःख भोगल्याने करुणा आपोआप उपजत नाही. दुःख वारशाने मिळते; करुणेचा मात्र अभ्यासच करावा लागतो.

दुःख आहे, त्याला कारण आहे आणि त्याचा निरोधही शक्य आहे, अशी तथागतांची शिकवण आहे. कारण जाणल्यावाचून निरोध नाही. एका तपाहून अधिक काळ आर्ट या कामात गुंतला होता. त्याने वडिलांना संत केले नाही आणि दुष्टही ठरवले नाही; स्वतःचा रागही त्याने लपवला नाही. ग्रंथाच्या अखेरच्या पानावर थकलेला व्लादेक त्याला ‘रिश्यू’ अशी हाक मारतो. आर्ट ती चूक दुरुस्त करीत नाही.

विद्यार्थ्यांनो, सुटीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांजवळ बसा. त्यांच्या रागाला, भीतीला, अन्नाचा कण जपण्याला काही पूर्वकथा असेल. त्यांची इच्छा असेल तेवढेच विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. ऐकलेल्या दुःखातून सूड घेऊन उठायचे की कोणावरही तसे दुःख येऊ न देण्याचा निश्चय घेऊन, हे ठरवणे मात्र आपल्या हाती आहे.